तीन म्हणायच्या आधी

सगळ्यात आधी माफी मागतो. या सदरात लिहिणारे लोक वाचन असलेले, चार ठिकाणी फिरलेले असतात. मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि उत्तरपत्रिका सोडली तर एवढं लांब आजपर्यंत काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कुठे चुकलं, कुठे जास्त बोलून गेलो, तर सांभाळून घ्या.

दुसरं म्हणजे, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आमचं गाव धावडा, भोकरदन तालुक्यात. गावात कुणाच्या अंगात आलं की माझे वडील म्हणायचे, "अंगात काई आलेलं नस्तंय, पोटात अन्न गेलेलं नस्तंय." मी त्याच विचारात वाढलो. वॉर्डात तर ज्या पलंगावर सकाळी माणूस गेला त्याच पलंगावर चादर बदलून दुपारी दुसरा पेशंट घेतलाय. कधी काही जाणवलं नाही. आजही मी भूत हा शब्द वापरणार नाही... जे झालं तेवढंच सांगतो. नावं बदलली आहेत.

तात्या मला पहिल्यांदा भेटले जालन्यात, मेडिसिन वॉर्डात माझी पोस्टिंग होती तेव्हा. परतूर तालुक्यातल्या आष्टीचे, जमीनदार माणूस, अंगानं भरदार. लकवा मारला होता. उजवा हात, उजवा पाय लुळा आणि वाचा गेलेली. आपण बोललेलं त्यांना बऱ्यापैकी कळायचं, पण त्यांच्या तोंडातून शब्द एकच निघायचा — "हट". पाणी पाहिजे तरी हट, लघवी लागली तरी हट. आणि डावा हात चांगला होता, त्या हातानं ते चिमटे काढायचे. कातडं धरून पिळायचे आणि आपलं तोंड बघत राहायचे. माझ्या दोन्ही दंडांवर काळेनिळे डाग होते. वॉर्डातल्या मावशी म्हणायच्या, "ब्रदर, आजोबाचा लई जीव हाय तुमच्यावर." (पुरुष नर्सला दवाखान्यात सगळे ब्रदरच म्हणतात.)

डिस्चार्जच्या वेळी त्यांचा मुलगा विष्णूदादा आमच्या ट्यूटर मॅडमना भेटला. "मॅडम, घरी ह्यांना उठवणं-बसवणं कुणालाच जमणार न्हाई. सुट्टीपुरता एखादा पोरगा द्या." मॅडमनी माझं नाव सांगितलं. मला म्हणाल्या, "तुझं ट्रान्सफर चांगलं आहे. जा, शिकायला मिळेल."

ट्रान्सफर म्हणजे पेशंटला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर नेणं. ऐकायला सोपं वाटतं, पण अर्ध्या अंगाचा माणूस उचलताना त्याचंही हाड मोडू शकतं आणि आपलीही कंबर. खुर्ची नेहमी चांगल्या बाजूला ठेवायची. पेशंटच्या कमरेला पट्टा बांधायचा. पट्टा नसला तर चादरीची घडी. त्याच्या लुळ्या गुडघ्याला आपला गुडघा लावायचा, म्हणजे पाय दुमडत नाही. मग त्याला पुढे वाकवायचं, पट्टा दोन्ही हातांनी धरायचा आणि मोठ्यानं मोजायचं. एक, दोन, तीन. तीनला दोघांनी मिळून उठायचं. मोजल्यामुळे पेशंट मनानं तयार होतो, आपण त्याला फसवत नाही. आणि एक गोष्ट कधीच करायची नाही, लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही. त्या खांद्यात जोर उरलेला नसतो, तो नुसता कातड्यावर लटकलेला असतो. मॅडम म्हणायच्या, "हाताला धरलेलं दिसलं तर वॉर्डातून हाकलून देईन."

आष्टीत त्यांचं घर बाजाराच्या मागेच होतं. तात्यांची खोली खालच्या मजल्यावर, भरपूर उजेडाची. विष्णूदादा सकाळी खत-बियाण्याच्या दुकानावर जायचा. घरात वहिनी, म्हणजे विष्णूदादाची बायको. पण त्या घरात सुनेनं सासऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही, अशी रीत होती. सासरा अंथरुणाला खिळला तरी रीत तीच. वहिनी जेवण, पाणी, धुतलेली चादर उंबऱ्यावर ठेवायच्या आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून दाराला टेकून उभ्या राहायच्या. मी तात्यांना उठवायचो आणि त्या बघायच्या.

पहिल्या सकाळचं सांगतो. खुर्ची डाव्या बाजूला लावली. चादर घडी करून कमरेला बांधली, गुडघा गुडघ्याला लावला. म्हटलं, "तात्या, मी तीन म्हटलं की उठायचं. एक... दोन..."

आणि तात्या उठले.

मी उचललं नव्हतं. माझे हात चादरीवर होते, पण त्यांत अजून जोरच आणला नव्हता. त्यांचा उजवा हात, जो स्वतःहून एक बोट हलवू शकत नव्हता, तो वर गेला. मनगट सगळ्यात वर होतं आणि पंजा खाली लोंबत होता. कुणी मनगट धरून हिसका दिला की हात जसा जातो तसा. आणि हाताच्या मागे ते सगळं भरदार अंग ओढलं गेलं. ते माझ्या छातीवर येऊन आदळले. तोंडातून जो आवाज निघाला तो "हट" नव्हता. मी कसंबसं वळवून त्यांना खुर्चीत बसवलं. हात धपकन मांडीवर पडला, पुन्हा लुळा.

वहिनी दारातच होत्या. ओरडल्या नाहीत, काही नाही. हळूच म्हणाल्या, "दोनलाच उठले." आणि आत गेल्या.

मी मॅडमना फोन केला. त्यांनी शांतपणे समजावलं, लुळ्या हाताला झटका येऊ शकतो, काही पेशंट नुसती जांभई देतात तेव्हाही लुळा हात वर जातो. घाबरू नकोस, खांदा सांभाळ. मला पटलं. खरंच पटलं होतं, कारण पुस्तकात तसं आहेच.

पण जांभईनं एवढा मोठा माणूस उभा राहत नाही.

दुपारी तेच झालं. दुसऱ्या दिवशीही. प्रत्येक वेळी दोनला. मी हात झोळीत घालून छातीशी पक्का बांधला. दोन म्हटल्यावर हात वर होता. झोळी फाटली नव्हती, गाठ सुटली नव्हती, ती तशीच रिकामी गळ्यात होती. हे मी कुणालाच सांगितलं नाही... काय सांगणार?

मग वाटलं, माझ्या मोजण्यानंच ते दचकत असतील. म्हणून एका सकाळी मोजलंच नाही. गुडघा लावला, पुढे वाकवलं, गप्प राहिलो. तेव्हा माझ्या कानाजवळ तात्या स्पष्ट म्हणाले, "एक."

महिन्याभरात त्या माणसाच्या तोंडून दुसरा शब्द निघाला नव्हता. मला क्षणभर आनंद झाला. वाचा आली! मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटायचा प्रयत्न चालला होता. डोळे फाटलेले. ते शब्द अडवत होते, पण तोंड ऐकत नव्हतं. "दोन," ते म्हणाले. आणि हात गेला.

(याचंही कारण आहे, ते नंतर मॅडमनी सांगितलं. वाचा गेलेल्या पेशंटला कधी कधी आकडे, शिव्या, देवाची नावं आपोआप म्हणता येतात. म्हणजे अर्ध्याचं कारण नेहमी मिळतं. अर्ध्याचंच.)

मी बाहेर जाऊन वहिनींना सांगितलं, "वहिनी, तात्या बोलले! आकडे मोजतायत."

त्या पायरीवर बसून लसूण सोलत होत्या. "मोजणारच की," त्या म्हणाल्या. "एवढे वर्षं मोजलंय."

"म्हणजे?"

त्यांनी लसणाचं टरफल फुंकरून उडवलं. "आमच्या आत्याबाईंना, म्हंजे माझ्या सासूला, असाच लकवा झाल्ता. तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई? त्यांना तात्या सोताच उठवायचे. सगळं आष्टी म्हणायचं, बायकोची एवढी सेवा करणारा गडी पाह्यला न्हाई. पलंगापाशी उभे ऱ्हायचे, हाताला धरायचे, लुळ्याच हाताला बराबर. अन् मोजायचे. एक... दोन... अन् दोनलाच हिसका! त्या बिचाऱ्या तीनची वाट बघून राह्यलेल्या. मंग हे हसायचे. 'अगं, तीन कुठं आलंय आजून? लई घाई तुला!' बैठकीत पाव्हणे असले तर त्यांना आत बोलवून दाखवायचे. पाव्हणे बी हसायचे."

"रोज?"

"रोज. मरेस्तोवर."

"कुणी काही बोललं नाही?"

"कोण बोलणार? मला बी हसू यायचं सुरुवातीला. त्यांचं तोंडच असं व्हायचं ना..." आणि वहिनींनी ते तोंड करून दाखवलं. मला ते बघायचं नव्हतं. "एकदा काय झालं, तात्यांनी दोनला वढलंच न्हाई. पार तीन म्हणले. आत्याबाई तशाच बसून राह्यल्या, डोळे मिटून, मान खाली घालून. त्या दिवशी तर सगळे लईच हसले."

त्या उठल्या, लसूण घेऊन आत गेल्या. जाताना म्हणाल्या, "उठवा मंग जल्दी. डॉक्टरनं सांगितलंय ना, हालचाल पाहिजे म्हणून."

यानंतर माझी जी अडचण झाली ती नीट सांगतो. पेशंटला उठवलं नाही तर पाठ सडते. तात्यांच्या माकडहाडावर लाल चट्टा आलाच होता, दाबला तरी पांढरा होत नव्हता. ही सुरुवात असते. अशी जखम हाडापर्यंत गेलेली मी वॉर्डात पाहिली आहे, तिचा वास कपड्यांतून जात नाही. आणि उठवलं तर तो हिसका. खांदा दिवसेंदिवस खाली उतरत होता, हाडाच्या खाली बोट जाईल एवढी खाच पडली होती. उठवणं हेच माझं काम, आणि उठवलं की त्यांना कापल्यासारखं दुखायचं.

तात्या आता चिमटे काढत नव्हते. मी चादर घडी करायला घेतली की त्याच डाव्या हातानं माझा शर्ट मुठीत धरायचे. "हट. हट. हट." मान हलवायचे, रडायचे. ज्या माणसाबद्दल मी ते सगळं ऐकलं होतं, तोच हा. मला त्यांचा राग यायला हवा होता की दया, हे मला तेव्हाही कळलं नाही.

शेवटी मी विष्णूदादाला म्हटलं, "दादा, थोडे दिवस उठवायला नको. मी दर थोड्या वेळानं कुशीवर वळवतो. खांदा धरत नाहीये त्यांचा."

तो जेवत होता. "डॉक्टर म्हणले रोज उठवा. तुम्ही म्हणता नको. तुम्ही काय आराम करायला आल्ते का इथं?"

"तसं नाही, दादा..."

"थांबा, मीच बघतो कसं उठवता ते."

तो हात धुऊन आला आणि माझ्या पाठीमागे उभा राहिला. वहिनी नेहमीच्या जागी, दारात, तिथून आम्ही दोघं बाजूनं दिसायचो. तात्यांनी माझ्या खांद्यावरून मुलाकडे पाहिलं आणि लहान मुलासारखं भोकाड पसरलं. विष्णूदादा म्हणाला, "रडू नका तात्या, हिंमत करा. मोजा हो ब्रदर."

मी मोजलं नाही. तात्यांनीच मोजलं.

दोनला हात गेला आणि खांद्यातून जो आवाज आला तो मी विसरणार नाही. ओली फांदी पिळून तोडल्यासारखा. विष्णूदादाला माझी पाठ दिसत होती, माझ्या पाठीवरून वर गेलेला बापाचा हात दिसला आणि आवाज ऐकू आला. त्यानं मला मानेला धरून फिरवलं आणि कानाखाली मारली. मग परत मारली. "हात उपटायलास का माझ्या बापाचा?"

परतूरच्या डॉक्टरनी खांदा बघितला आणि म्हणाले, "सांधा निसटलाय. हाताला धरून ओढलंय कुणीतरी." मनगटावर बोटांचे वळ होते. मी जवळून पाहिले. अरुंद, लहान बोटं. माझा पंजा मोठा आहे, नांगरावरचा. मी माझा हात त्या वळांजवळ नेला, एवढंच दाखवायचं होतं की बघा, हे बसत नाहीत... विष्णूदादा ओरडला, "हात लावू नको त्यांना!"

घरी आल्यावर मी वहिनींना गाठलं. "वहिनी, तुम्ही बाजूनं होतात. माझे दोन्ही हात चादरीवर होते, तुम्ही बघितलं. दादांना सांगा ना."

त्यांनी पदर आणखी पुढे ओढला. "मी पदर घेऊन उभी व्हते, ब्रदर. मला काय दिसतंय?"

माझे वडील दुसऱ्या दिवशी धावड्याहून आले. विष्णूदादानं त्यांना दुकानावर बोलावलं, गिऱ्हाइकांसमोर. वडील खताच्या गोण्यांपाशी उभे राहिले, कुणी बस म्हटलं नाही.

"पोराला शिकवलं न्हाई का, म्हाताऱ्या मान्साला कसं धरतेत?"

"चुकलं त्याचं, मालक."

"बाबा, मी ओढलं नाही," मी म्हटलं.

"गप," वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

गोणीवर बसलेला एक जण म्हणाला, "बाईमान्साचं काम गड्यानं करायला घेतलं की असंच व्हतंय." सगळे हसले. विष्णूदादा हसला नाही. तो म्हणाला, "मी कॉलेजला कळवलंय. हा परत कुणाच्या बापाला हात लावणार न्हाई, एवढं बघतो."

परतीच्या एसटीत वडिलांनी दोघांची तिकिटं काढली. मग एकदाच विचारलं, "खरं सांग. वढलं का?"

"नाही."

"मंग कुणी वढलं?"

मी तिकिटाची घडी घालत राहिलो. त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. माझ्या बाबतीत त्यांना काय वाटलं असेल ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही, आणि त्यानंतर गावात कुणी विचारलं की पोरगा काय शिकतोय, तर ते "जालन्याला हाय" एवढंच म्हणायचे.

कॉलेजमध्ये चौकशी लागली. निकाल लागेपर्यंत वॉर्डात जायचं नाही, परीक्षेचं नंतर बघू, असं सांगितलं. मी हॉस्टेलवर बसून राहायचो. मुलं बरोबर जेवायची, पण माझ्यासमोर ट्रान्सफरचा विषय निघाला की दुसरंच काही बोलायला लागायची. मॅडमनी एकदा बोलावून विचारलं, "एक क्षण तरी हाताला धरलं असशील. घाईत होतं. कबूल केलंस तर मला काही करता येईल." मी नाही म्हटलं. त्यांचाही विश्वास बसला नाही.

मग एके दिवशी विष्णूदादा स्वतः कॉलेजमध्ये आला. हातात पेढ्यांचा बॉक्स. ऑफिसमध्ये सगळ्यांसमोर त्यानं मला मिठी मारली. तक्रार मागे घेतो म्हणाला, रागाच्या भरात बोललो, माफ करा म्हणाला. तात्या चालायला लागले होते! कुणी न धरता. खांदा अजून तसाच आहे, पण पाय चालतोय. "ब्रदरनं सुरुवातीला रोज उठवलं, त्याचंच हे फळ. मीच येडा."

मला परीक्षेला बसू दिलं. मॅडमनी पाठ थोपटली. आता म्हणतात की खालच्या वर्गाच्या मुलांना या केसबद्दल तू बोल, लवकर आणि नियमित हालचाल केल्याचा फायदा यावर. वडिलांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "चांगलं झालं." गावात पेढे वाटले त्यांनी.

मी खूश व्हायला पाहिजे. पण ज्या पेशंटच्या पायात, खांद्यात काय उरलं होतं ते मला माझ्या हातांनी माहीत होतं, तो पेशंट इतक्या लवकर न धरता चालतो, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. मी शोधलं. मॅडम म्हणतात, काही केसेस असतात अशा. असतीलही. त्या खोलीत काय होतं, कुणाचा हात होता, होता की नव्हता? तुमच्यापैकी कुणी डॉक्टर असेल आणि याचं साधं कारण असेल, तर मला ते ऐकायचं आहे.

हे लिहायला मात्र कारण वेगळं झालं. परवा वहिनींचा फोन आला. मीच आधी विचारलं, तात्या कसे आहेत, चालतात ना?

"चालतेत की. उजाडल्यापासून चालतेत. बसवलं की उठतेत. जेवताना बी घास तोंडात तसाच, अन् चालू. पाय वढून वढून अंगठ्याचं कातडं राह्यलं न्हाई, सगळ्या फरशीवर डाग. मी पुसून पुसून थकले."

"वहिनी, त्यांना थांबवा! बसवून धरून ठेवा. हृदयावर ताण येईल, पडतील ते."

"पडत न्हाईत. पडाय लागले की उजवा हात वर जातो अन् परत सरळ उभे." त्या अगदी स्वयंपाकाबद्दल बोलावं तशा बोलत होत्या. "मी कशी धरणार? मला हात लावता येतो का त्यांना?"

"मग दादांना सांगा."

"ते तर लई खूश हायत. लांबून लांबून मानसं बघायला येतेत, त्यांना चालवून दाखवतेत. तात्यांच्या डोळ्यांतून सारखं पाणी येतंय, तर कालच थेंब आणलेत डोळ्यात घालायला."

मागून विष्णूदादाचा आवाज आला, आनंदी, मोठा. "कोण हाय गं? ब्रदर हायत का? सांग त्यांना, आज बाजारात एक चक्कर मारून आणली म्हणाव. उद्या शेतापर्यंत नेतो!"

"ऐकलं ना?" वहिनी म्हणाल्या, आणि फोन ठेवला.